सूज उतरली, तरी बाई उठेना

संधिवाताचं औषध लागू पडलं की नाही, हे दवाखान्यात सांधे दाबून आणि रक्त तपासून ठरतं. या प्रकरणात दोन्ही कसोट्यांवर औषध लागू पडलं होतं. सुजलेले सांधे बारावरून दोनवर आले होते, रक्तातला दाह दाखवणारा ईएसआर ७८ वरून २६ वर. आणि नेमक्या त्याच काळात बाईनं घराबाहेर पडणं सोडलं, जेवण अर्ध्यावर आणलं आणि बचत गटाचं रजिस्टर शेजारणीच्या हवाली केलं. सांधे सुधारत असताना माणूस का खचत जातं, याचा शोध म्हणजे हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाईंना इथे ताई म्हणू.

घर आणि आजार

ताईचं वय ३६. यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव, साडेतीन एकर कोरडवाहू शेत, कपाशीत तुरीच्या ओळी. नवरा शेती करतो, काम नसलं की दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो. घरात सासू, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. ताई स्वतः दहावी पास, हिशेबाला पक्की, म्हणून गावच्या बचत गटाची सचिव. घरची वेचणी आटोपली की बायांच्या टोळीबरोबर मजुरीनं वेचायला जाणारी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हात जितका चपळ, तितका पैसा, आणि गावात तितकं नाव. ताई दिवसाला पन्नास किलोच्या आसपास वेचायची. हे पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे, कारण आजारानं सर्वात आधी धरली ती बोटंच.

सीतादहीची पूजा होऊन वेचणी लागली आणि पंधरवड्यात सकाळी मूठ वळेनाशी झाली. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडतातच, त्यामुळे आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग मनगटं सुजली, पायाचे चवडे ठणकू लागले, दोन्ही बाजूंना सारखेच. गावानं चिकनगुन्या ठरवला. सकाळचा आखडलेपणा दोन-दोन तास टिकायचा आणि दुपारनंतर सैल पडायचा. या वेळापत्रकानंच पुढे घरात तिचा घात केला.

पुडी

तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात इंजेक्शन आणि पुडी मिळाली. पुडीतल्या गोळ्यांना वेष्टन नव्हतं, त्यामुळे नावही नव्हतं. दोन दिवसांत ताई पूर्ववत वेचायला गेली. पुडी संपली की खाट, पुडी घेतली की शेत, असे सहाएक महिने गेले. चेहरा गोल झाला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही, लेकरांवर विनाकारण ओरडणं, मग त्याचंच रडू, हेही याच महिन्यांत सुरू झालं.

त्या गोळ्यांत स्टिरॉइड होतं, असं मानायला चेहऱ्याची सूज आणि बंद केल्यावरचा उसळणारा त्रास पुरेसा आहे. स्टिरॉइड मुळात वाईट औषध नाही, मोजून आणि ठरावीक काळ दिलं तर संधिवातात ते उपयोगीच पडतं. पण बेहिशेबी मात्रेत ते झोप उडवतं, माणसाला चिडकं करतं, कधी खोल उदासीत ढकलतं. अचानक तोडलं तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार झालेलं नसतं, माणूस गळून जातो. म्हणजे ताईच्या मनाला पहिला धक्का आजारानं दिला की पुडीनं, हे वेगळं काढणं आता शक्य नाही. मधल्या काळात बाहेरचंही पाहून झालं, अंगारा लावून झाला. त्यानं अपाय काही केला नाही, पैसा मात्र गेला.

निदान

जूनच्या सुरुवातीला ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पोहोचली. विदर्भात हाडं-सांधे दुखणाऱ्या माणसाची सिकलसेलची चाचणी करून घेणं शहाणपणाचं. ती निगेटिव्ह आली. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या रक्तचाचण्या दोन्ही पॉझिटिव्ह, हाताच्या एक्स-रेमध्ये बोटांच्या मुळाशी हाड झिजायला लागलेलं. हिमोग्लोबिन ८.९. थायरॉइड तपासलं, कारण शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तेव्हा थायरॉइडवरही उलटलेली असू शकते आणि थायरॉइड मंदावलं तर उदासीसारखीच लक्षणं दिसतात. ते नॉर्मल होतं. निदान ठरलं: संधिवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

हा आजार दुर्मीळ नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत मोठ्या माणसांत दोनशेत एक, म्हणजे ०.५ टक्के, असं त्याचं प्रमाण निघालं होतं. बायकांत तो पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट जास्त. मोठ्या गावात हिशेबानं आठ-दहा तरी रुग्ण असायला हवेत. ते असतातही, फक्त ‘वात आहे’ एवढ्यावर त्यांची नोंद संपते.

उपचार सुरू झाला: सांध्यांचा दाह आवरणारं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि हळूहळू कमी करत नेण्यासाठी थोडं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच, पण मोजून. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असतं, पण कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असल्यानं तो प्रश्न नव्हता. पुढच्या रक्ततपासण्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात करायचं ठरलं. महाविद्यालयाला जाणं म्हणजे पहाटेची एसटी, चिठ्ठीची रांग, रात्री परत, आणि सोबतीला नवरा आला तर दोघांची मजुरी बुडाली.

मेथोट्रेक्सेटचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाणं. तोंड सोलून निघतं, रक्तपेशी घटतात, जीवावर बेततं. ‘दर मंगळवारी’ असं चिठ्ठीवर लिहून भागत नाही. इथे मंगळवार गावच्या बाजाराचा. गोळी बाजाराच्या रात्री, जेवून, असं गावच्या आशा कार्यकर्तीनं, आशाताईंनी, ठरवून दिलं. दुसऱ्या दिवशी मळमळायचं, म्हणून बुधवारी जड काम नाही. हे गणित ताईनं एकदाही चुकवलं नाही. खचलेल्या काळातसुद्धा नाही, हे नोंदवण्यासारखं आहे.

सूज उतरल्यावर

उपचाराच्या चौथ्या महिन्यात ताई तपासणीला आली तेव्हा सांधे खूपच बरे होते. पण ‘एकंदरीत तुम्हाला किती त्रास आहे’ या प्रश्नावर तिनं शंभर मिलिमीटरच्या रेघेवर नव्वदच्या पुढे खूण केली. संधिवाताची तीव्रता मोजण्याचं डीएएस-२८ हे माप चार गोष्टींवर उभं आहे: दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, ईएसआर आणि रुग्णाचं स्वतःचं मत. चारांतल्या दोन गोष्टी रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून. मन खचलेलं असेल तर या दोन्ही फुगतात आणि कागदावर आजार जोरात दिसतो. तिच्या चिठ्ठीवर पुढच्या महागड्या जैविक औषधाचा विचार लिहून आलाच होता. माझ्या मते तिथे घाई झाली असती. जे औषध सूज उतरवतं, ते उतरलेली सूज पुन्हा उतरवू शकत नाही.

खरी माहिती तपासणीच्या टेबलावर मिळाली नाही. ती आशाताईंनी दिली, त्या ताईच्याच गल्लीत राहतात. त्या वर्षी घरी महालक्ष्म्या बसल्या तेव्हा पुरणपोळ्या जावेनं केल्या. दरवर्षी तो मान ताईचा. ती आतल्या खोलीत झोपून होती, जेवायला आलेल्या बायांसमोरही आली नाही. आणि बचत गटाचं असं झालं, की बँकेत तिची सही जुळेना. आखडलेल्या बोटांनी केलेली सही जुन्या नमुन्यासारखी येत नव्हती. काउंटरवर चार लोकांत तिला अंगठा लावायला सांगितलं. दहावी शिकलेल्या सचिवाला. त्या दिवसापासून ती बैठकीला गेली नाही.

मी हे तिच्याकडे काढलं तेव्हा बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “मॅडम, दुखते ते दुखतेच. त्याचं काही नाही. पन आता मी कोन्याच कामाची नाही रायली.”

नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात, २७ पैकी गुण. मराठीतून वाचून दाखवली तर दहा मिनिटं लागतात. ताईचे गुण १८ आले, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. पण इथे थांबावं लागतं. झोप, थकवा, भूक, एकाग्रता, हालचालींचा मंदपणा, हे पाच प्रश्न असे आहेत की संधिवाताच्या कोणाही रुग्णाला त्यात गुण पडतील. दुखण्यानं झोप मोडते, ८.९ हिमोग्लोबिनला थकवा येतोच. संधिवाताच्या रुग्णांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झालं. त्यात मुलाखत घेऊन पक्कं निदान केलेल्या नैराश्याचं प्रमाण १६.८ टक्के होतं आणि पीएचक्यू-९ च्या आधारे ३८.८ टक्के. एवढी तफावत पडण्यात या शारीरिक प्रश्नांचाही हात असणार.

म्हणून उरलेले चार प्रश्न वेगळे काढून पाहिले: कशात रस न वाटणं, उदास वाटणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, आणि मरणाचे विचार. या चारांत १२ पैकी ९. इथे सांध्यांची सबब चालत नाही. शिवाय आणखी एक कसोटी आहे, जी कुठल्या यादीत नाही: दुखण्यामुळे न जमणारं सोडून देणं वेगळं आणि जमण्यासारखंही सोडून देणं वेगळं. कापूस वेचणं ताईला जमत नव्हतं, हे खरं. शेजारणीच्या ओट्यावर बसायला बोटं लागत नाहीत. तेही सुटलं होतं.

अंगातला दाह मेंदूलाही लागतो. सांधे सुजवणारी टीएनएफ-अल्फा, आयएल-६ ही रसायनं मेंदूपर्यंत परिणाम करतात. तापात माणूस पांघरूण ओढून पडतो, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, ती अवस्था काही अंशी त्यांचीच. पण ताईचा दाह ओसरत असताना मन खाली गेलं, त्यामुळे एवढंच कारण पुरत नाही. आधी आशा होती, औषध लागलं की परत वेचायला जाऊ. औषध लागलं, तरी हात पूर्वीचा झाला नाही. माझ्या समजुतीनं ती खचली ती इथे.

मरणाच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला तिनं एक गुण दिला होता. तिथे पुढे जाता येत नाही. सरळ विचारलं, जीव नकोसा होतो का. अशा विचारण्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, “कधी कधी वाटते, झोपलो अन् सकाळी उठलोच नाही, तं बरं.” काही ठरवलेलं नव्हतं. पण कपाशीचं घर, म्हणजे फवारणीचं औषध घरात. कुठलीही गोळी लिहिण्याआधी नवऱ्याला आत बोलावलं आणि ते औषध त्याच दिवशी घरातून हलवून, कुलपात, दुसऱ्या वाड्यात ठेवायला लावलं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मुलीच्या मोबाईलमध्ये भरून दिला. रात्री-बेरात्री मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सासूबाईंचे गुडघे

घरच्यांना एकत्र बसवलं तेव्हा सासूबाईंनी पहिलंच वाक्य टाकलं, “वात मलेही हाय. म्या नाई का भाकरी थापल्या?” नवरा गप्प होता, मग म्हणाला, “दिसाले तं चांगली दिसते, मॅडम. सकाळी उठवत नाही अन् संध्याकाळी आंगण झाडते.”

घरातला सगळा संशय या दोन वाक्यांत होता. ढोंग हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण ताई तो रोज ऐकत होती.

सासूबाईंना विचारलं, तुमचे गुडघे कधी दुखतात? चालल्यावर. बसलं की? बरं वाटते. मग सुनेला विचारा, तिला बसून-झोपून उठल्यावर दुखतं आणि हालचाल झाली की सुटतं. तुमच्या गुडघ्यांची झीज झाली आहे, तिच्या सांध्यांना आतून दाह आहे. सकाळी सहाला जो हात वळत नाही तोच दहाला वळतो, यात नाटक नाही, हेच या आजाराचं लक्षण. एक्स-रे दाखवला, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग म्हटलं, हात लावून पाहा. सुनेचं उजवं मनगट अजून गरम होतं. म्हाताऱ्या बाईनं ते धरलं, मग स्वतःचा गुडघा चाचपला, पुन्हा मनगट धरलं. “मंग आधी सांगाव न कोनी,” एवढंच बोलल्या. त्या एका बैठकीत सगळं पालटलं असं नाही, पण सकाळची भाकर मुलीनं आणि सासूनं वाटून घेतली आणि पहाटे पाणी तापवून ठेवायला नवरा उठू लागला.

नवऱ्याची खरी धास्ती नंतर, एकट्यानं बोलताना निघाली. हा आजार पोरीला लागेल का, आणि सोयरीक जुळवताना कळलं तर? जवळच्या नात्यात धोका थोडा वाढतो, पण बहुतेक लेकींना तो होत नाही, हे सांगितलं. सोयरिकीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही त्यानं विचारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत संधिवाताचं स्वतंत्र नाव नाही. हातापायांची हालचाल किती कमी झाली हे वैद्यकीय मंडळ मोजतं आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. ताईसारखी बाई त्यात बसत नाही आणि वेचणीतही बसत नाही.

उपचार

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येतात. नैराश्याची गोळी निवडताना तिच्या बाकीच्या औषधांकडे पाहावं लागलं. एस्सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, म्हणून त्याच गटातली सर्ट्रालिन, आधी २५ आणि मग ५० मिलिग्रॅम. हा गट दुखण्याच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव वाढवू शकतो, तेव्हा रोजची डायक्लोफिनॅक बंद केली. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. ‘वेड्याची गोळी’ म्हणून ती घेईल का, अशी शंका होती. तिनं विचारलं फक्त एवढंच, की बाजाराच्या गोळीशी भांडणार तर नाही ना.

गोळीइतकंच काम आशाताईंनी केलं. समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली त्या आठवड्याला एकदा जायच्या आणि ताईबरोबर एकच काम ठरवायच्या, लहान, होणारं. हे गावपातळीवर चालतं याचा दाखला शेजारच्याच जिल्ह्यात आहे. अमरावतीतल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं होतं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. एक मात्र खटकतं. विदर्भात मनाच्या त्रासाचं सगळं बोलणं शेतकरी आत्महत्येभोवती फिरतं. सातबाऱ्यावर नाव नसलेली, हात आखडलेली बाई स्वतःला त्या बोलण्यात धरतच नाही.

ठरवलेलं सगळं जमलं नाही. सकाळी फिरायला जाणं सांध्यांमुळे फसलं. मोबाईलवरचं ध्यान तिला आवडलं नाही, डोळे मिटले की विचार वाढतात म्हणाली. जमलं ते गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाणं. ती संध्याकाळी असते, तेव्हा सांधे मोकळे असतात. नुसतं बसायचं असतं, आणि कोणी ‘कशी आहेस’ विचारत नाही. मग गटाच्या बैठकीत, न लिहिता, नुसतं हजर राहणं. मग बँकेत सहीचा नवा नमुना देणं. हा अर्ज साधा असतो, पण करता येतो हे तिला काउंटरवर कोणी सांगितलं नव्हतं. जाड पेननं, दुपारी, गटाच्या दोघी सोबत असताना तिनं नवी सही दिली. दुसऱ्या आठवड्यात रजिस्टर परत मागून घेतलं.

वर्षभरात

जानेवारीत पीएचक्यू-९ नऊवर आला, एप्रिलमध्ये पाचवर, नवव्या प्रश्नाला शून्य. मेथोट्रेक्सेट न वाढवता डीएएस-२८ उतरला, कारण रेघेवरची तिची खूण नव्वदवरून पस्तिशीवर आली. जैविक औषधाचा विषय मागे पडला.

जूनमध्ये पुन्हा घसरण झाली. पेरणीची घाई, औषधाचा साठा संपलेला, तीन बाजार गोळीविना गेले. मनगटं सुजली आणि आठवड्यातच झोप गेली, रडू यायला लागलं. या वेळी कोणी शोधत जायची गरज पडली नाही. ती स्वतः आली आणि म्हणाली, “दोन्ही संगंच आलं पाहा.” गोळी सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत सावरलं. आता दोन बाजारांची मेथोट्रेक्सेट आशाताईंकडे जास्तीची ठेवलेली असते.

यंदा वेचणीत ती वजनकाट्यावर बसते, कोणी किती वेचलं ते लिहिते. मजुरी ठरलेली मिळते, तिच्या जुन्या कमाईच्या निम्मी. टोळी ओळीत शिरली की अजून पोटात कालवतं, असं ती सांगते. त्याला औषध देण्याचं कारण दिसत नाही. मुलीच्या सोयरिकीचा प्रश्न घरात तसाच पडून आहे.

सर्ट्रालिन बंद करा म्हणून तिनं दोनदा विचारलं. जूनची घसरण पाहता हिवाळ्यात हात लावायचा नाही असं ठरलं आहे. होळीनंतर, वेचणी संपलेली आणि सांधे शांत असतील तर, ५० वरून २५ वर आणायचं आणि फवारणीचा हंगाम यायच्या आत पुन्हा पाहायचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनमुळे करावी लागणारी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली आहे. रक्त दर तीन महिन्यांनी, आणि त्याच दिवशी ते नऊ प्रश्न, सांधे दाबण्याआधी.